आठ जण, तीन राजधान्या, दहा रात्री: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट

प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको, सहा आणि अकरा वर्षांची दोन मुलं, सत्तरीतले आई-वडील आणि मित्राचं जोडपं, असे आठ जण मे महिन्यात युरोपला जाणार. हातात बारा दिवस. यादीत पॅरिस, ॲम्स्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि रोम. टूरवाले एवढं करतात, मग आपल्याला का जमू नये?

जमेल, पण टूरवाल्यांसारखंच जमेल. म्हणजे मुक्काम गावाबाहेर, सकाळी सातला बस आणि प्रत्येक ठिकाणी फोटोपुरतं उतरायचं. स्वतःच्या पायांनी फिरायचं असेल तर सातपैकी चार शहरं आजच खोडा. प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ठेवा. तिन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत. प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट दोन तास चाळीस मिनिटं, आणि स्टेशनं शहरातच. विमानाने एक राजधानी बदलली की तपासणी, सामान, विमानतळावर ये-जा यात अख्खा दिवस जातो. रेल्वेने फक्त सकाळ जाते.

विमानाचं तिकीट मात्र जाताना प्राग, परतताना बुडापेस्ट असं मल्टी-सिटी काढा. नेहमीचं रिटर्न काढलं तर शेवटी उलटं प्रागला यावं लागतं. दुबई किंवा दोहामार्गे दोन्ही शहरांना विमानं आहेत. या मार्गाचा फायदा असा की इमिग्रेशन थेट प्रागला होतं. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर ते तिथेच, पुढचं विमान पकडण्याच्या गडबडीत होतं. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी फोटोसह संगणकीय नोंदणी सुरू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबतात. तिथे विमान बदलायचं असेल तर मध्ये तीन तास ठेवा. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

आता व्हिसा. तिन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात आहेत, म्हणून व्हिसा एकच लागतो. मात्र अर्ज करायचा तो जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. तुमच्यासाठी प्राग ३, व्हिएन्ना ४, बुडापेस्ट ३ अशी वाटणी बसते, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे. अपॉइंटमेंट घेतल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘प्रागला एक रात्र वाढवू या’, आणि ४-३-३ झालं की अर्जाचा देशच बदलतो. म्हणून रात्री आधी पक्क्या करा, मग अपॉइंटमेंट घ्या. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मेसाठी जानेवारीतच तारीख धरा, कारण महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांना सुट्टी एकदमच लागते. फी प्रौढांना ९० युरो, सहा ते बाराच्या आतल्या मुलांना ४५. तुमचे आठ जणांचे ६३० युरो झाले, अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. वडिलांना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर जुन्या आजारातून उद्भवलेल्या तातडीच्या उपचाराला पॉलिसी पैसे देते का, तेवढं कलम वाचूनच ती घ्या. किमतीतला फरक बहुतेक तिथेच असतो.

मित्रांबरोबर जाणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे सगळी बुकिंग एकाच्या नावावर करणं. मित्राचं जोडपं तुमच्या कुटुंबात धरलं जात नाही. त्यांची फाइल वेगळी, बँक स्टेटमेंट वेगळं, आणि मुक्कामाच्या कागदावर आठही नावं पासपोर्टप्रमाणे छापलेली हवीत. घर देणाऱ्याने फक्त ‘८ पाहुणे’ लिहिलं असेल तर त्याच्याकडून नावांचं पत्र मागवून घ्या.

राहायला आठ जणांचं एक मोठं अपार्टमेंट शोधण्यापेक्षा एकाच इमारतीत दोन लहान घ्या. एका बाथरूमवर आठ जण म्हणजे सकाळचे दोन तास गेले. आई-वडील बरोबर असल्याने लिफ्ट हवीच, पण ‘लिफ्ट आहे’ एवढ्यावर थांबू नका. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर ‘होखपार्टेर’ आणि ‘मेझानिन’ असे दोन मजले असू शकतात आणि मग कुठे ‘पहिला’ लागतो. म्हणजे जाहिरातीतला पहिला मजला आपल्या हिशेबाने तिसरा निघू शकतो. शिवाय लिफ्ट नंतर बसवलेली असली तर ती अर्ध्या जिन्यावरून सुरू होते. घरमालकाला दोनच प्रश्न विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत एकूण किती पायऱ्या, आणि लिफ्टमध्ये किती माणसं मावतात? पायऱ्यांचं उत्तर आकड्यात आलं नाही तर ते घर सोडा.

जागा मेट्रो किंवा ट्रामच्या थांब्यापासून चालत पाच मिनिटांवर हवी. जुन्या शहराच्या पोटात राहण्याचा हट्ट नको, विशेषतः प्रागला. तिथला गुळगुळीत दगडी चौकोनांचा रस्ता दिसायला देखणा, पण त्यावर चाकांची बॅग ढकलत नेणं हा दंडाचा व्यायाम आहे, आणि बारीक चाकं तिथेच तुटतात. आईंसाठी नवे बूट घेणार असाल तर दोन महिने आधी घ्या आणि घालून फिरू द्या. जाड, न वाकणारा तळ हवा. पातळ तळाच्या चपलेतून प्रत्येक दगड टोचतो.

दिवसाच्या आखणीला एकच नियम लावा: वेळेचं तिकीट दिवसाला एकच, तेही जेवणाआधी. आठ जण जिथे थांबतील तिथे कुणाला स्वच्छतागृह, कुणाला पाणी, कुणाला फोटो, असं करत वीस मिनिटं जातात. दोन वेळा बांधल्या की दुसऱ्या वेळेला धावपळ आणि धावपळीत भांडण, हे ठरलेलं. दुपारी जेवल्यावर गट फोडा. आजी-आजोबा खोलीवर पडतील, मित्र संग्रहालयात जातील, मुलं बागेत. मेमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो. सहाला सगळे ताजेतवाने भेटले तर अडीच तास हातात राहतात, आणि शहरं त्या वेळीच सुंदर दिसतात. भेटण्याची जागा ‘चौकात’ अशी मोघम ठेवू नका. ‘घड्याळाच्या बुरुजासमोर’ असं सांगा, आणि ती जागा आईंच्या फोनमध्येही टाकून ठेवा.

प्रागमध्ये खरा प्रश्न किल्ल्याचा. बहुतेक लोक चार्ल्स पूल ओलांडतात आणि नेरुदोवा रस्त्याने चढत जातात. वर पोचेपर्यंत म्हाताऱ्या माणसांचा दिवस संपलेला असतो. तुम्ही उलटं करा. २२ नंबरची ट्राम धरा, ‘प्राझ्स्की ह्राद’ थांबा जाऊ द्या आणि पुढे ‘पोहोर्झेलेत्स’ला उतरा. तिथून किल्ल्याच्या पुढच्या दारापर्यंत रस्ता हलक्या उताराचा आहे. दारावर बॅगांची तपासणी होते, म्हणून नऊच्या सुमारास पोचा. तिकीट दोन दिवस चालतं, त्यामुळे एकाच दमात सगळं उरकायची गरज नाही. आधी सेंट व्हिटस कॅथेड्रल, मग जुना राजवाडा, शेवटी गोल्डन लेन, म्हणजे इटुकल्या रंगीत घरांची गल्ली. मुलं तिथे रमतात. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने कॅथेड्रल पर्यटकांना दुपारी बारापासून उघडतं, म्हणून किल्ल्यासाठी रविवार टाळा. बरोबर बाराला पहिल्या चौकात वाद्यांसह पहारा बदलतो. तो बघायचा तर पावणेबाराला जागा धरावी लागते. उतरताना धडधाकट मंडळी जुन्या जिन्याने मालोस्त्रान्स्का मेट्रोकडे जातील. आजी-आजोबांना घेऊन एकाने उत्तरेकडच्या दाराने बाहेर पडून २२ नंबरचा ‘प्राझ्स्की ह्राद’ थांबा गाठावा. या ट्रामवर आणि चार्ल्स पुलावर खिसेकापू असतात. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, एवढं पुरतं.

चार्ल्स पूल सकाळी सातच्या आत किंवा रात्री दहानंतर बघा. ५१६ मीटरचा पूल, दुतर्फा ३० पुतळे, पण दुपारी फक्त माणसांच्या पाठी दिसतात. जुन्या टाउन हॉलवरचं १४१० सालचं खगोलीय घड्याळ दर तासाला वाजतं. त्यातल्या बाहुल्यांचा खेळ मिनिटभरात आटोपतो आणि ‘एवढंच?’ असं मुलं म्हणणार, ते आधीच सांगून ठेवा. त्यापेक्षा त्याच टाउन हॉलच्या बुरुजावर लिफ्टने जा. आजोबांनाही छपरांचं अख्खं लाल शहर बघता येईल. ज्यू वस्तीतली संग्रहालयं शनिवारी बंद असतात.

तिकिटांचे नियम तिन्ही शहरांत वेगवेगळे, आणि दंड इथेच होतात. प्रागमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ पूर्ण केलेल्यांना शहरातली वाहतूक फुकट आहे. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ हवा. म्हणजे आठांपैकी चौघांचंच तिकीट काढायचं. बुडापेस्टमध्ये ज्येष्ठांना ही सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना मिळते, भारतीय पासपोर्टवर नाही. ‘प्रागला चाललं की’ म्हणून आई-वडिलांना तसंच बसवू नका. व्हिएन्नात १५ वर्षांखालची मुलं रविवारी आणि सणाच्या सुट्ट्यांना फुकट, सहा वर्षांखालची रोज.

आणि तिकीट घेणं म्हणजे ते वापरात आणणं नव्हे. या शहरांत मेट्रोला आपल्याकडच्यासारखी उघडझाप करणारी फाटकं नाहीत. कागदी तिकीट प्लॅटफॉर्मकडे जाताना लागणाऱ्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा ठसा उमटवून घ्यायचा. प्रागला ती पेटी पिवळी, व्हिएन्नात निळी. ठसा नसेल तर तिकीट कोरं धरतात आणि साध्या कपड्यांतला तपासनीस जागेवर दंड घेतो. चार तिकिटं असतील तर चारही ठसे एकाच माणसाने मारावेत. ‘मला वाटलं तू मारलास’ यापायी दंड भरणारे गट रोज दिसतात.

रेल्वेकडे येऊ. प्राग–व्हिएन्ना आणि व्हिएन्ना–बुडापेस्ट धावणाऱ्या रेलजेट गाड्यांत तिकीट आणि आरक्षित जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साध्या तिकिटावर चढता येतं, बसायला मिळेलच असं नाही. आठ जणांनी आरक्षण करायलाच हवं. समोरासमोरच्या चार आसनांची टेबलं असतात, त्यांतली दोन घ्या, एकाच डब्यात. तिकिटं लवकर घेतली तर चेक आणि ऑस्ट्रियन रेल्वेच्या संकेतस्थळांवर बरीच स्वस्त पडतात, पण ती बहुधा त्याच गाडीपुरती असतात. गाडी चुकली की पैसे गेले. प्रागच्या मुख्य स्टेशनवर प्लॅटफॉर्मचा नंबर अगदी शेवटी फलकावर येतो, त्यामुळे सगळी गर्दी एकदम पळते. तुमच्यातल्या एकाने फलकाखाली उभं राहावं, बाकीच्यांनी सामानाजवळ. व्हिएन्नात प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी असे विभाग लिहिलेले असतात आणि कोणता डबा कुठे थांबेल ते फलकावर दिसतं. आधीच तिथे जाऊन थांबा. चढताना आधी दोन तगडे आत, मग बॅगा हातोहात, मग आजी-आजोबा आणि मुलं. दर माणशी एक बॅग, आणि ती स्वतःला उचलता येईल एवढीच. विमानात २३ किलोची परवानगी असली तरी रेल्वेच्या पायरीवर हमाल नसतो.

व्हिएन्ना तिघांत सर्वांत सोपं. रस्ते सपाट, मेट्रो स्थानकांत लिफ्ट. विमानाने येणाऱ्यांना इथे एक महागडी जलद गाडी विकली जाते, पण तुम्ही रेल्वेने हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला उतरणार, त्यामुळे तो विषयच मिटला. श्योनब्रुन राजवाड्याचं तिकीट वेळेसकट आधीच काढा, सकाळी नऊच्या आसपासचं. महालात १,४४१ खोल्या आहेत, दाखवतात त्यातल्या थोड्याच, आणि मार्ग एकाच दिशेचा, वाटेत बसायला फारशी जागा नसलेला. आजींचे गुडघे दुखत असतील तर खोल्यांचा छोटा मार्ग निवडा आणि वाचलेली ताकद बागेसाठी ठेवा. बाग फुकट आहे. टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या इमारतीपर्यंत चढायचं नसेल तर बागेतली छोटी पर्यटक-गाडी वर नेते. १७५२ पासून चालू असलेलं प्राणिसंग्रहालयही त्याच आवारात आहे. ते बघायचं तर मुलांसाठी अख्खी दुपार द्या.

कलासंग्रहालयांबाबत एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. कुन्स्टहिस्टोरिशेस आणि बेल्व्हेडेअर दोन्हीकडे १९ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे. मुलं पाऊण तासात कंटाळली तरी पैसे वाया गेल्याची चुटपुट नाही. क्लिम्टचं ‘द किस’ हे चित्र अप्पर बेल्व्हेडेअरमध्ये आहे, लोअरमध्ये नाही. सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आणि लिफ्ट नाही. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि वर प्रचंड पुमेरिन घंटाही दिसते. ‘रिंग रोडची ट्राम’ म्हणून एकाच गाडीत बसून राहू नका. पूर्ण वर्तुळ एक गाडी करत नाही, १ आणि २ नंबर जोडून घ्यावे लागतात.

रविवारी व्हिएन्नात किराणा दुकानं बंद. मेमध्ये धार्मिक सुट्ट्याही येतात, त्या दिवशीही हेच. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं तेवढी उघडी असतात. शनिवारी संध्याकाळी दूध, ब्रेड, फळं भरून ठेवा. पाणी विकत घेऊ नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून.

खाण्याचं सामान नेताना युरोपीय संघाचा नियम लक्षात ठेवा: बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तुपाचा डबा, पनीर, श्रीखंड घरीच. आंबे आणि कढीपत्त्याची जुडीसुद्धा नको. त्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तेलातला चिवडा, भडंग, चकली, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट यांनी काम भागतं. खोलीत भात लावता आला की आजोबांची निम्मी तक्रार मिटते.

शाकाहारी असाल तर हॉटेलात ‘व्हेज’ म्हणून थांबू नका, सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. प्रागला ‘बेझ मासा’ म्हणा. गंमत अशी की चेक भाषेत ‘मासो’ म्हणजे मांस. आपल्या ‘मांस’ शब्दाचा तो लांबचा भाऊच, माशाशी त्याचा संबंध नाही. म्हणून मासळीही नको असेल तर ते वेगळं सांगा. व्हिएन्नात ‘ओने फ्लाइश’, बुडापेस्टला ‘हूश नेल्क्यूल’. प्रागला तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, सगळीकडे मिळतं. व्हिएन्नात चीज घातलेले ‘केझेश्पेट्झले’, पण त्यात अंडं असतं. बुडापेस्टचा लांगोश म्हणजे हातभर मोठी, मऊ भटुऱ्यासारखी तळलेली पोळी, वर आंबट साय आणि चीज. मुलांना तेवढं एकच पुरतं. बुडापेस्टमध्ये बिलात १० ते १५ टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं. ते बघितल्याशिवाय वर टिप ठेवू नका.

युरो फक्त ऑस्ट्रियात. चेकियात कोरुना, हंगेरीत फोरिंट. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, रोकड थोडीच हवी. एटीएम किंवा कार्ड मशीन ‘रुपयांत घ्यायचे का?’ असं विचारतं, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाल्याच्या मर्जीचा. रस्त्यात कुणी चांगला दर देतो म्हणाला तर थांबूही नका. त्या गड्ड्यांत दुसऱ्याच देशाच्या बाद नोटा असतात. प्रागच्या दुकानात पैसे बदलून फसल्यासारखं वाटलं तर कायद्याने तीन तासांच्या आत व्यवहार उलटवता येतो, १,००० युरोंपर्यंतचा. पावती तेवढी हवी. स्वच्छतागृहांसाठी नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा आणि ते पाकीट आजींकडेच असू द्या. संग्रहालयातून बाहेर पडण्याआधी सगळ्यांनी जाऊन यायचं, ही शिस्त तिकिटाइतकीच महत्त्वाची.

बुडापेस्टमध्ये संसद आतून बघायची तर ती मार्गदर्शकाबरोबरच. फेरी पाऊण तासाची, तिकीट ऑनलाइन, युरोपीय संघाबाहेरच्यांना जवळपास दुप्पट. इंग्रजी फेऱ्या आधी संपतात, म्हणून तारीख ठरताच काढा. तपासणी विमानतळासारखी असते आणि उशिरा पोचलात तर कुणी थांबत नाही. घुमटाखालच्या दालनात, जिथे राजमुकुट ठेवला आहे, तिथे फोटो काढू देत नाहीत.

गरम पाण्याच्या सेचेनी स्नानगृहात १४ वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत. जुन्या लेखांत ‘मुलांना मजा येईल’ असं लिहिलेलं आढळेल, ते विसरा. मोठे दोघं-दोघं आळीपाळीने जातील तेव्हा बाकीच्यांनी मुलांना शेजारच्या सिटी पार्कमध्ये न्यावं. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर मार्गारेट बेटावरचं पालातिनुस बघा. सेचेनीला जाणारी एम-१ ही १८९६ सालची छोटी पिवळी मेट्रो. रस्त्याखाली अगदी उथळ, पण बहुतेक ठिकाणी जिनाच. आणि दोन दिशांचे प्लॅटफॉर्म रस्त्याच्या दोन बाजूंना, दारं वेगळी. चुकीच्या जिन्याने उतरलात तर वर येऊन रस्ता ओलांडून पुन्हा उतरावं लागतं. आजोबांना खाली नेण्याआधी जिन्यावरच्या पाटीवर दिशा वाचा.

बुडा म्हणजे नदीपलीकडचा, किल्ल्याचा भाग. तिथल्या टेकडीवर देआक तेर या चौकातून १६ नंबरची बस जाते. वर फिशरमन्स बॅस्टियन या मनोऱ्यांच्या सज्जाचा खालचा गच्चीचा भाग फुकट आहे आणि नदीचं दृश्य तिथूनही तेच. संध्याकाळी बोटीची फेरी महाग वाटली तर यासाई मारी तेरहून २ नंबरची ट्राम पकडा, उजवीकडची खिडकी धरा. पलीकडे उजळलेला बुडाचा किल्ला आणि सगळे पूल साध्या तिकिटात दिसतात.

परतीच्या दिवशी विमानतळाला जाणाऱ्या १००-ई बसला वेगळं तिकीट लागतं, शहराचा नेहमीचा पास तिच्यात चालत नाही. २००-ई बसला साधं तिकीट चालतं, पण तिच्यासाठी आधी एम-३ मेट्रोने जावं लागतं. आठ जण आणि आठ बॅगा असताना आदल्या रात्रीच एक मोठी व्हॅन सांगून ठेवा. आठ तिकिटांच्या बेरजेपेक्षा थोडीच महाग पडेल, आणि जिना लागणार नाही.